सॅम्पल पुन्हा पाठवा

लॅबचा फोन आला की वॉर्डात आम्हा सगळ्या जणींच्या कपाळाला आठी पडायची. तिकडून कधी कुणी 'जेवलात का सिस्टर' म्हणून फोन करत नाही. 'रक्त कमी आहे', 'ट्यूबवर नाव नाही', 'गुठळी झालीय', आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'सॅम्पल पुन्हा पाठवा'.

त्या दिवशी असाच फोन आला. सात नंबरच्या आजींचं युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. 'मिक्स्ड ग्रोथ आहे सिस्टर, दोन-तीन प्रकारचे जंतू आलेत, रिपोर्ट देता येत नाही. पुन्हा पाठवा.' माझी सलग तिसरी नाईट संपत आली होती. मी म्हटलं, 'तुमच्याकडंच काहीतरी घोटाळा झाला असेल. इथून नीट दिलंय.' पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा सॅम्पल पाठवलं. एव्हाना आजींना अँटिबायोटिक सुरू होऊन दोन दिवस झाले होते. दुसरा रिपोर्ट आला, त्यात काहीच वाढलं नव्हतं. ताप मात्र होता तिथंच. डॉक्टरांनी अंदाजानं औषध बदललं, मग आणखी एकदा बदललं, आणि आजी बाराव्या दिवशी घरी गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी ते विसरूनही गेले.

चार वर्षांनी ती गोष्ट पुन्हा समोर आली ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीमागच्या एका दोन खोल्यांच्या घरात, कालनिर्णयच्या फाडलेल्या पानावर. पण ते पुढे.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. चौदा वर्षं नोकरी झाल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. दोन वर्षांचा कोर्स, आणि पहिल्याच वर्षाला मायक्रोबायॉलॉजी. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना ती लांबलचक नावं एकदा वाचून पाठ व्हायची, माझी जीभ 'स्टॅफिलोकॉकस'वरच अडखळायची. प्रॅक्टिकल म्हणजे एकच मायक्रोस्कोप, त्यावर आधीच फोकस करून ठेवलेली स्लाइड आणि मागं चाळीस जणींची रांग. मॅडम म्हणायच्या, 'डोळा लावा, पुढे चला.' मी डोळा लावायचे, मला माझ्याच पापण्या दिसायच्या, आणि मी पुढे जायचे. जर्नलमध्ये मात्र छान जांभळे गोळे काढायचे, शेजारणीचं बघून.

पहिल्या इंटर्नल परीक्षेत नापास झाले. सदतिसाव्या वर्षी नापास होण्याची लाज वेगळीच असते, कारण घरात आपल्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आपण सही करत असतो.

शिकवणी शोधायला निघाले. एका क्लासवाल्यानं सांगितलं, एकटीसाठी बॅच सुरू करता येत नाही. दुसऱ्याकडं गेले तर तो नोट्सचा गठ्ठा पुढं सरकवून म्हणाला, एवढं पाठ करा, बाहेरून काही येत नाही. शेवटी इन्चार्ज सिस्टरांनी काकांचं नाव सुचवलं. काका प्रोफेसर नव्हते, डॉक्टरही नव्हते. एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करून रिटायर झालेले. त्यांच्या गल्लीत जाताना डाव्या हाताला वाळत घातलेले सतारीचे भोपळे दिसायचे आणि कुठून तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज यायचा. तार लावणाऱ्याचं समाधान होईपर्यंत तो थांबायचा नाही.

'तासाला तीनशे. रोख, आधी,' काका म्हणाले. 'उधारीवर माणूस अभ्यास करत नाही, सिस्टर.'

पैसे मोजून खिशात टाकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला. 'जंतू बघितलाय का कधी?'

मी चौदा वर्षांचा हिशोब मनात घातला. हजारो वेळा हात धुतले, जखमा धुतल्या, रक्त काढून कल्चरच्या बाटल्यांत भरलं, थुंकीच्या डब्या नाकावर पदर धरून लॅबकडं पाठवल्या. ज्यांच्या भीतीनं हे सगळं केलं, त्यातला एकही मी पाहिला नव्हता.

'नाही,' म्हटलं.

'मग पुस्तक पिशवीत ठेवा. उद्या येताना घरचं दही आणा.'

काकांचा मायक्रोस्कोप अंबाल्याचा, एका डोळ्याचा, खाली आरसा असलेला. कुठल्याशा लॅबच्या भंगारात त्यांनी विकत घेतला होता. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं, त्यामुळं शिकवणीची वेळ उन्हावर ठरायची. ढग आले की सुट्टी. मोरीवर दोन काचेच्या कांड्या आडव्या टाकून त्यावर स्लाइड ठेवायची, हे आमचं स्टेनिंगचं टेबल.

दह्याचा टिपूस पाण्यात कालवून स्लाइडवर पातळ पसरला. वाळवला. स्पिरिटच्या दिव्यावरून तीनदा फिरवला आणि हाताच्या पाठीला लावून बघितला. चटका बसता कामा नये, नुसती ऊब लागली पाहिजे. मग क्रिस्टल व्हायोलेट, एक मिनिट. पाण्यानं धुवायचं. आयोडीन, एक मिनिट. पुन्हा धुवायचं. मग स्पिरिट, आणि सगळी ग्यानबाची मेख इथं आहे. ज्या जंतूंची बाहेरची भिंत जाड असते ते आत घेतलेला जांभळा रंग सोडत नाहीत. ज्यांची पातळ, त्यांचा रंग स्पिरिटनं उतरतो आणि नंतर घातलेला सॅफ्रानिनचा गुलाबी रंग त्यांच्यावर चढतो. हान्स ख्रिस्टियन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली बर्लिनमध्ये हे छापलं. एकशे चाळीस वर्षं झाली तरी अजून लॅबमध्ये पहिलं पाऊल हेच पडतं. जांभळा, म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह, की गुलाबी, म्हणजे ग्राम निगेटिव्ह.

मी स्पिरिट कसं ओतलं? ताट विसळावं तसं. मग डोळा लावला. तेलाचा थेंब, शंभरची लेन्स, खाली-वर करता करता काहीतरी ठिपके दिसल्यासारखे झाले. मी लगेच म्हटलं, 'जांभळे आहेत काका. साखळीत आहेत. ग्राम पॉझिटिव्ह.'

काकांनी चष्मा कपाळावर सारून स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं.

'सिस्टर, मला तर सगळं गुलाबी दिसतंय.'

मी पुन्हा बघितलं. गुलाबीच होतं. स्पिरिट इतकं ओतलं होतं की जाड भिंतीवाल्यांचाही रंग धुवून गेला होता. दह्यातले जंतू जांभळे यायला हवेत हे मी आदल्या रात्री वाचून गेले होते, तेवढंच बोलले.

'तुम्ही काय दिसलं ते सांगितलं नाही. काय यायला पाहिजे ते सांगितलं,' काका म्हणाले. 'वॉर्डात चार्ट पण असेच भरता का?'

माझे कान तापले. जे नर्सिंगमध्ये आहेत त्यांना कळेल. रात्री दोनला चाळीस पेशंटचे चार्ट भरताना श्वासाच्या रकान्यात आपण काय लिहितो? वीस. खालपासून वरपर्यंत वीस, वीस, वीस. पुरं एक मिनिट कोण मोजतं. माझ्या आख्ख्या नोकरीत सगळे पेशंट वीसच श्वास घेत आले होते. हे काकांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी हवेत दगड मारला, देव जाणे.

तिसऱ्या स्लाइडला जमलं. थेंब थेंब स्पिरिट सोडायचं, खाली ओघळणारं पाणी जांभळं यायचं थांबलं की आपणही थांबायचं. फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळ्या मण्यांच्या बारीक बारीक माळा, आणि मधेच विखुरलेल्या काड्या. मी बोलले नाही, नुसतं बघत राहिले. काकांनी आत चहा टाकला.

घरी आले तर बोटं जांभळी. सासूबाई म्हणाल्या, 'आत्ता कुठली गं जांभळं मिळाली?' त्यांना सगळं सांगितलं, दह्यात जंतू असतात, मी आज डोळ्यांनी पाहिले. त्यांनी दह्याच्या गंजावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, 'त्याला विरजण म्हणतात. जंतू तुमच्या दवाखान्यात.' दोन दिवस मला त्यांनी विरजणाला हात लावू दिला नाही.

मग रोज काहीतरी नवीन. इडलीचं पीठ. विहिरीचं पाणी. एकदा माझ्याच दातांवरची कीट काढून लावली. डेल्फ्टच्या लेवेनहुक नावाच्या कापड दुकानदारानं १६८३ साली स्वतःच्या दातांची कीट पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं होतं, त्याचं हे वर्णन वाचण्यापेक्षा आपली कीट आपण बघणं फार जास्त परिणामकारक असतं एवढंच सांगते. त्या दिवसापासून मी रात्री ब्रश करते.

पण काकांचा एक नियम पक्का होता. बघायचं ते बघायचं, घरात काही वाढवायचं नाही. 'नातू रांगतोय. आणि आपल्याला काय वाढलंय हे वाढल्यावरच कळतं.' पेशंटचं कुठलंही सॅम्पल घरात येणार नाही. स्लाइड झाली की फिनेलच्या बरणीत.

निर्जंतुकीकरण त्यांनी प्रेशर कुकर समोर ठेवून शिकवलं. उघड्या भांड्यात पाणी शंभरच्या वर तापत नाही, आणि शंभरला धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारं त्याचं टणक रूप, बराच वेळ तग धरतात. झाकण लावून १५ पौंड दाब चढवला की आतली वाफ १२१ अंशांवर जाते, मग १५ मिनिटांत खेळ खलास. ऑटोक्लेव्हचे हे आकडे मी वर्षानुवर्षं भिंतीवरच्या तक्त्यावर वाचत होते. १२१ च का, १२० का नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दाब १५ पौंड, म्हणून तापमान १२१. आकडा कुणी ठरवलेला नाही, तो वाफेचा आहे.

बीजाणूंवरून निघाली मुल्कोवालची गोष्ट. हाफकिन हे नाव मला परळच्या संस्थेमुळं आणि पोलिओच्या डोसामुळं माहीत होतं, माणूस म्हणून नव्हतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पुढं लाखो लोकांना ती टोचली गेली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही गेले. सगळे एकाच बाटलीतले. बाटलीचा नंबर ५३-एन.

चौकशी बसली. प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली असणार असं ठरवून हाफकिनना बाजूला केलं. त्यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडावं लागलं. खरा प्रकार काय होता? बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानंच बाटली उघडली.

हे सांगताना काकांनी मुद्दाम टेबलावरचा चिमटा खाली पाडला. खण्‌कन आवाज झाला आणि माझा हात आपोआप तो उचलायला खाली गेला. मी तो मधेच थांबवला. काका हसले नाहीत.

आता कालनिर्णयच्या पानाकडं येते.

एका रविवारी काका मला त्यांच्या ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये घेऊन गेले. तिथल्या मुलानं इन्क्युबेटरमधून अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटा काढून समोर मांडल्या. मॅकॉन्की अगारवर इ. कोलाय, गडद गुलाबी, सपाट टिकल्या. दुधातली साखर आंबवून आम्ल तयार करतात म्हणून गुलाबी, म्हणजे काम विरजणाचंच, गाव वेगळं. शेजारी क्लेब्सिएला, पाकात बुडवल्यासारखी चिकट. ब्लड अगारवर प्रोटिअस, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं पसरवत गेलेला, आणि वास असा की मी दोन पावलं मागं. हे सगळे पेशंट मी ओळखत होते, फक्त आतापर्यंत त्यांची केसपेपरावरची नावंच वाचली होती.

मग त्या मुलानं लघवीचं सॅम्पल कसं लावतात ते दाखवलं. तारेचं एक कडं असतं, त्यात मोजून एक मिलिलिटरचा हजारावा भाग बसतो. तेवढं प्लेटवर ओढायचं, दुसऱ्या दिवशी टिकल्या मोजायच्या. एक टिकली म्हणजे एका जंतूपासून वाढलेली वस्ती. शंभर टिकल्या आल्या म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू. तिथून पुढं संसर्ग असण्याची शक्यता धरतात.

परत आल्यावर काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान टर्रकन फाडलं. पाठीमागं लिहिलं: १००.

'समजा सॅम्पल देताना कातडीवरचे शंभर जंतू डबीत पडले. किरकोळ आहे, कुणाच्याही पडतील. चांगल्या खाण्यावर इ. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. लघवीत जरा सावकाश, आपण अर्धा तास धरू. आता डबी बाहेर ठेवा. अर्ध्या तासानं किती?'

दोनशे. चारशे. आठशे. मी लिहीत गेले. पाच तासांत दहा वेळा दुप्पट. शेवटचा आकडा आला १,०२,४००.

'म्हणजे संसर्ग,' काका म्हणाले. 'पेशंटच्या मूत्राशयात नाही हां. तुमच्या काउंटरवर.'

मी पेन खाली ठेवलं. चार वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली. एप्रिलचा महिना होता, पंखा गरम हवा फेकत होता. सात नंबरच्या आजींचं सॅम्पल मी रात्री दोनला घेतलं होतं. डबी काउंटरवर, रजिस्टरशेजारी. लॅबकडं जायला मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, सातला येतात, म्हणून सकाळच्या सगळ्या सॅम्पलबरोबर जाईल म्हटलं. तीन पावलांवर फ्रिज होता. त्यात ठेवली असती तर एक दिवसही टिकली असती. आणि आजींना अँटिबायोटिकचा पहिला डोस सहा वाजता मीच दिला होता, त्यामुळं नंतरच्या सॅम्पलमध्ये काही वाढण्याची आशाच नव्हती. आधी मातीमोल केलं ते एकमेव चांगलं सॅम्पल होतं.

काकांना सांगितलं. फोनवर भांडले होते तेसुद्धा. मला वाटलं आता लॅबवाल्यांच्या बाजूनं दोन शब्द ऐकावे लागणार.

ते जरा वेळ कागदाकडं बघत बसले. 'माझ्याकडं असली रोज चार-पाच यायची. एकतीस वर्षं मी फोन करून सांगितलं, सॅम्पल पुन्हा पाठवा. आणि फोन ठेवला. वॉर्ड एक जिना वर होता. पण जाऊन कुणाला हे गणित दाखवलं नाही.' मग उठून खिडकी लावली. 'ऊन गेलं. उद्या या.'

त्या दिवशी तास अर्धाच झाला होता. पैसे परत दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

काका सगळंच शिकवायचे असं मुळीच नाही. विषाणूंचं प्रकरण त्यांनी सरळ सोडून दिलं. 'मला दिसत नाही ते मी शिकवत नाही.' इम्युनॉलॉजीत मी दोन प्रश्न विचारल्यावर त्यांनी हात वर केले. परीक्षेला काय येईल याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. ती बाजू मी गाइड आणून रात्री जागून केली, वर्गातल्या त्याच पाठांतरवाल्या मुलींच्या मदतीनं. बदल्यात मी त्यांना ग्राम स्टेन शिकवला, होस्टेलच्या मोरीवर. अँटिबायोटिकच्या चकत्यांचं एक मात्र काकांमुळं कायमचं बसलं. रिपोर्टात एस आणि आर अशी अक्षरं असतात, एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. ती मी वर्षानुवर्षं वाचून डॉक्टरांना सांगत होते, पण ती येतात कुठून हे ठाऊक नव्हतं. प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवतात, ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत तिथं स्वच्छ वर्तुळ राहतं, ते पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजतात. 'ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी,' मी शहाणपणानं म्हणाले. 'अजिबात नाही,' काका म्हणाले. प्रत्येक औषधाचा आपापला तक्ता. एकाचे अठरा मिलिमीटर चांगले, दुसऱ्याचे अठरा कुचकामी.

पास झाले. मार्क सांगण्यासारखे नाहीत. प्रॅक्टिकलला मात्र परीक्षकांनी स्लाइडवर काय दिसतंय विचारलं, तेव्हा मी म्हटलं, 'सर, डाव्या बाजूला नीट दिसतंय, उजवीकडं माझं स्पिरिट जास्त झालंय.' त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते माहीत नाही.

आता पुन्हा वॉर्डात आहे. श्वास मोजते, पूर्ण मिनिट, घड्याळ हातात धरून. निदान नव्या पेशंटचे तरी. गेल्या महिन्यात एका बाईंचे अठ्ठावीस भरले, चार्टवर आधीच्या ड्यूटीचे वीस होते.

परवाच्या नाईटला अकरा नंबरचं युरिन कल्चर घ्यायचं होतं. अँटिबायोटिक अजून सुरू झालं नव्हतं. सॅम्पल मिळालं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मामा झोपले होते, त्यांना उठवलं नाही. फ्रिजमध्ये ठेवता आलं असतं, पण आमचा फ्रिज त्या आठवड्यात धड चालत नव्हता. ज्युनिअरला वॉर्डाकडं बघायला सांगून मीच डबी घेऊन जिना उतरले. लॅबच्या खिडकीवर एक नवा मुलगा टेबलावर डोकं टेकून बसला होता. काच वाजवली. त्यानं जांभई देत डबी घेतली, लेबल बघितलं, घड्याळ बघितलं.

'सकाळी पाठवलं असतं तरी चाललं असतं की, सिस्टर.'

मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं: १००. खाली: २००. तो खुर्ची ओढून पुढं सरकला.